फॉलिकची तारीख

२८ एप्रिल, चोपडा

"फॉलिक कधीपासून चालू आहे?" सिस्टरने मान वर न करता विचारलं. मी म्हणाले, जानेवारीपासून. तिने फाइलीत लिहून घेतलं. परतताना विदगावच्या पुलावरून तापी दिसली, तेव्हाही तेच घशाशी अडकलेलं होतं.

जानेवारीत फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू होत्या हे खरं. संक्रांतीनंतर सोडल्या हेही खरं. रोज रात्री ती एवढीशी गोळी तळहातावर घेतली की वाटायचं, कोणासाठी? एक दिवस राहिली, मग दुसरा. मागच्या वर्षीचं आज लिहायचं नाहीये.

डॉक्टर म्हणाल्या, आठ आठवडे झाले. ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे ३ मार्चपासून. गर्भ धरतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. रात्री कॅलेंडर घेऊन बसले. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भ धरल्यापासून २८ दिवसांच्या आसपास मिटते. फॉलिक लागतं ते मुख्यतः तोवर, म्हणून तर आधीपासून घ्यायला सांगतात. मोजलं तर १४ एप्रिल आला. जयंतीचा दिवस. खाली चौकात झेंडे लागत होते आणि मी मावशीच्या गच्चीवर ओल्या धोतरावर बिबडे घालत होते. पाळी चुकून दोन आठवडे झाले होते, पण पुन्हा एकच रेघ बघायचा धीर नव्हता. टेस्ट केली १६ तारखेला. गोळी त्याच रात्री सुरू. दोन दिवस. मघापासून या दोनच दिवसांभोवती फिरतेय.

खोटं का बोलले? कोणी रागावलं नसतं. पण गोळ्या सोडल्या म्हटलं की का सोडल्या तेही सांगावं लागलं असतं. बाळाच्या फाइलीत पहिल्याच पानावर ते यायला नको होतं.

आणि पडद्यावर तर ते लुकलुकत होतं. जेमतेम दीड सेंटिमीटरचं. ते हृदय गर्भ धरल्यापासून चौथ्या आठवड्यातच धडधडू लागलेलं असतं. मी टेस्टला घाबरत होते, तेव्हा ते चालू होतं! आता बोटं फुटताहेत, मध्ये अजून पातळ पडदा आहे. ते हलतंसुद्धा, फक्त मला कळायला पाचवा महिना लागेल. मी आस सोडली होती, तरी या शरीराने सोडली नव्हती. हे सुचल्यावर बऱ्याच वेळाने श्वास मोकळा झाला. कणा नीट बघायची सोनोग्राफीही पाचव्या महिन्यातच. तोवर दोन दिवस दोनच राहतील, मी कितीही मोजले तरी.

उद्या दवाखान्यात फोन करून खरी तारीख लिहून घ्यायला सांगते. साड्यांखालची ती अर्धी स्ट्रिपही काढून ठेवलीय.

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मावशीने निंबाला झोका बांधलाय. म्हणाली, "तीन महिने कोनले सांगजो नको, माय. आन् झोकावर बसजो नको."

नाही बसणार. नुसती जवळ उभी राहीन.