काचेच्या शेगडीवरचे जळके डाग काढताना

राहायला आले त्या घरात काचेची इलेक्ट्रिक शेगडी आधीपासूनच बसवलेली होती. पुढच्या गोलाभोवती तपकिरी, जळका थर चढलेला. ओल्या फडक्याने तो हलेना. तारेची घासणी मात्र मी लांबच ठेवली, कारण काचेवर ओरखडा पडला की तो कायमचा, आणि पुढची घाण त्यातच जाऊन बसते.

शेगडी पूर्ण गार असताना अशा काचेसाठी मिळणारं क्रीम लावून थोडा वेळ राहू दिलं. मग ब्लेडची खरवडणी साधारण ३० अंशांत तिरकी धरून हलक्या हाताने पुढे ढकलत गेले. आधी नुसता भुगा निघाला, मग पापुद्रे सुटायला लागले. पातं उभं झालं तर काच खरडते, फार आडवं झालं तर डागावरून नुसतं घसरतं. हाताला तो कोन सापडला की काम भराभर होतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या रुपेरी रेघाही क्रीमनेच गेल्या. शेवटी ओल्या फडक्याने नीट पुसायचं. क्रीम राहिलं तर पुढच्या वेळी तेच जळतं. अमोनिया किंवा ब्लीच असलेलं काहीही इथे वापरायचं नाही.

काही बारीक खड्डे मात्र तसेच राहिले. असे खड्डे बहुतेक साखरेचे असतात. उकळता पाक सांडला की तो काचेला घट्ट धरतो आणि गार होताना आकसून टवका काढतो. म्हणून साखरेपुरता नियम उलटा: बटण बंद करायचं, जाड हातमोजा घालायचा आणि काच गरम असतानाच खरवडायचं. हे माहीत असणं फार मोलाचं आहे.

आता त्यावर फक्त सपाट बुडाची भांडी ठेवते, आणि ती सरकवत नाही, उचलते. भांड्याच्या बुडाला पट्टी टेकवून पाहिली की फट लगेच दिसते. आतला लाल उजेड मध्येच विझतो तो बिघाड नाही, थर्मोस्टॅट काच फार तापू देत नाही. काच उशिरा निवते, म्हणून स्वयंपाक होत आला की बटण जरा आधीच बंद करते.

ही काच तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावतच नाही, त्यामुळे उष्णता ती आरामात सोसते. जड वस्तूचा घाव मात्र सोसत नाही. तडा गेला तर मेन स्विच बंद करून शेगडी वापरणं थांबवायचं, कारण सांडलेलं पाणी थेट आतल्या विजेपर्यंत पोचू शकतं. वरच्या फळीवरच्या जड बरण्या मी तेव्हाच खालच्या कपाटात हलवल्या.