गेम बॉयच्या कार्ट्रिजमधला सेल बदलताना

पोकेमॉन गोल्ड या गेमच्या कार्ट्रिजमधला सेव्ह (साठवलेला खेळ) अजून शाबूत होता, म्हणूनच सेल बदलायची घाई केली. सेल पूर्ण मेल्यावर नवा टाकला तर गेम पुन्हा सेव्ह व्हायला लागतो, पण जुना खेळ गेलेला असतो. या कार्ट्रिजमध्ये सेव्ह साध्या रॅममध्ये राहतो आणि ती रॅम ३ व्होल्टच्या एका बटन सेलवर जगते. गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलमध्ये त्याच सेलवर घड्याळही चोवीस तास चालतं, त्यामुळे घड्याळ नसलेल्या रेड-ब्लूपेक्षा यांचे सेल लवकर संपतात.

म्हणून आधी सेव्हची कॉपी. यूएसबीला जोडायच्या कार्ट्रिज रीडरने तो वाचला, तर फाइलभर एकच बाइट, एफएफ, म्हणजे काहीच वाचलं गेलं नव्हतं. घाबरायचं कारण नव्हतं, पिना मळलेल्या होत्या. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी ओली करून प्रत्येक पिनेवरून उभी फिरवली. पहिली काडी काळी, तिसरी जवळपास पांढरी. (खोडरबर वापरू नका, सोन्याचा मुलामा झिजतो. फुंकरही नको, तोंडातला ओलावा आत जातो.) मग दोनदा वाचून दोन्ही फाइल ताडून पाहिल्या. सेव्ह ३२,७६८ बाइटचा असतो, घड्याळाची नोंद जोडलेली असेल तर फाइल थोडी मोठी दिसते. ती कॉपी इम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर गेम चालवणारा प्रोग्राम) उघडून खेळाडूचं नाव आणि बॅज दिसल्यावरच पुढे गेलो.

कार्ट्रिजच्या स्क्रूला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (अशा स्क्रूसाठीचं खास स्क्रूड्रायव्हरचं टोक) लागतो. ४.५चा बिट वेगळा, तो सुपर निन्टेंडोसारख्या कन्सोलच्या बॉडीसाठी. प्लास्टिकचा पेन वितळवून स्क्रूवर दाबायची युक्ती बरेच जण सांगतात. माझ्या मते प्लास्टिक स्क्रूच्या भोकात अडकवून बसण्यापेक्षा बिट घेतलेला बरा. स्क्रू निघाल्यावर पुढचं झाकण थोडं सरकवून उचललं. मल्टीमीटरवर सेल २.७१ व्होल्ट. नवा ३ च्या वर दाखवतो. लिथियम सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे २.९ दिसला म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

खरी कसरत जुना सेल काढायची. त्याच्या पट्ट्या सेलला स्पॉट वेल्ड केलेल्या असतात आणि बोर्डावर नुसत्या पृष्ठभागावर कथिलाने चिकटलेल्या. पट्टी ओढली की खालचा तांब्याचा पॅड उखडतो आणि मग वायर जोडत बसावं लागतं. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवलं, जुन्या कथिलावर फ्लक्स (कथील नीट पसरायला मदत करणारं रसायन) लावून थोडं नवं शिसेवालं कथील घातलं. जुनं-नवं मिसळलं की ते लवकर वितळतं. पॉझिटिव्ह पट्टी दोन-तीन सेकंदांत सुटली. निगेटिव्ह मात्र हटेना, कारण तो पॅड ग्राउंडच्या (सर्किटच्या निगेटिव्ह बाजूच्या) रुंद तांब्याला जोडलेला असतो आणि उष्णता तिकडे पळते. बारीक टोक काढून छिन्नीसारखं रुंद टोक बसवलं, तेव्हा पट्टी आपोआप वर आली. चिमट्याने फक्त आधार द्यायचा, जोर नाही.

नवा सेल सीआर२०२५, पट्ट्या आधीच वेल्ड केलेला. नावातले आकडे मापाचे: २० मिलिमीटर व्यास, २.५ मिलिमीटर जाडी. अनेक जण जास्त क्षमता म्हणून सीआर२०३२ बसवतात. तो ०.७ मिलिमीटर जाड, नीट सपाट बसला तर चालतो, पण पट्टी जराशी वर राहिली की झाकण फुगतं. पट्ट्या नसलेल्या साध्या सेलवर थेट कथिलाचा डाग देणं साफ चूक. उष्णतेने आतलं सील जातं, सेल फुटूही शकतो.

बसवताना एक गोष्ट नजरेतून सुटते. सेलची कडा आणि तळ दोन्ही पॉझिटिव्ह असतात, निगेटिव्ह फक्त वरची लहान टोपी. निगेटिव्हची पट्टी खाली वाकवताना कडेला टेकली की सेल शॉर्ट होऊन रिकामा होतो, तेही काही न दिसता. तिथे कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी, वीज न वाहू देणारी टेप) तुकडा लावला. बोर्डावरची + खूण पाहून डाग दिले, प्रत्येकी तीन सेकंदांच्या आत. मग बोर्डावरच पुन्हा मोजलं: ३.१८.

झाकण लावण्याआधी रीडरने जुना सेव्ह परत लिहिला. गेममध्ये घड्याळ लावलं, नवा सेव्ह केला आणि कार्ट्रिज काढून पंधरा मिनिटं बाजूला ठेवलं. लगेच तपासलं तर रॅममधल्या उरल्यासुरल्या चार्जवर सेव्ह टिकलेला दिसू शकतो आणि सुटलेला डाग लपतो. पंधरा मिनिटांनी 'कंटिन्यू' होतं, घड्याळही बरोबर पंधरा मिनिटं पुढे सरकलेलं. मग स्क्रू लावला, हाताला लागेल तेवढाच घट्ट.