व्हे पावडरचा खरवस: गाडी कुठवर आली

घरच्या पदार्थांत व्हे पावडर (पनीर-चीज करताना उरणाऱ्या निवळीतल्या प्रथिनांची भुकटी) घालून प्रथिनं वाढवायचा खटाटोप चालू आहे, त्यातला मफिनचा नाद सध्या सोडलाय. मैदा कमी करून ही पावडर घालायची, मग तो कोरडेपणा घालवायला केळं आणि दही ओतत बसायचं, आणि एवढं करून चावताना दातांना व्यायाम. पिठाच्या पाव भागापर्यंत पावडर खपून जाते, त्यापुढे केक रबरी होतोच. व्हेमधलं मुख्य प्रथिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडतं आणि एकमेकांत गुंतून घट्ट बसतं. (पोषण त्यामुळे जात नाही. ‘पावडर गरम केली की प्रोटीन मरतं’ हे जिममधलं शास्त्र आहे, तिथेच राहू दे.)

तर जिथे घट्ट बसणं हाच पदार्थाचा गुण आहे, तिथेच ही पावडर वापरावी, या विचाराने खरवसावर आले. चीक नुसत्या वाफेवर धरतो तो याच जातीच्या प्रथिनांमुळे. गायीच्या पहिल्या चिकात एकूण प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास असतात, त्यात मोठा वाटा इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचा. साध्या दुधात व्हेची प्रथिनं एक टक्कासुद्धा नाहीत आणि दुधातलं मुख्य प्रथिन, केसीन, नुसत्या उष्णतेने गोठत नाही, म्हणून दूध कितीही वाफवा, दूधच राहतं. ती कमतरता पावडरच्या डब्यातून भरून काढायची, एवढीच कल्पना.

सध्या जमलेलं प्रमाण: ४०० मिली गायीचं थंड दूध, ६० ग्रॅम बिनचवीचं व्हे कॉन्सन्ट्रेट (८० टक्के प्रथिनवालं), ६० ग्रॅम चिरलेला गूळ, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका. खऱ्या चिकाला किंचित खारट झाक असते आणि ती नसली की खाणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. सहा वड्या पाडल्या तर एकीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं.

पावडर आधी थोड्या गार दुधात कालवून गंधासारखी करायची, मग बाकीचं दूध. गरम दुधात टाकलीत तर गुठळ्या होतात आणि त्या मिक्सरलाही दाद देत नाहीत. तसाही मिक्सर नकोच. व्हेला फेस फार येतो, आणि तो फेस वर टोपीसारखा शिजतो. चमच्याने हलवायचं, गाळायचं, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा.

नंतर कुकरची शिटी बाजूला काढून ठेवून, आतल्या डब्यावर ताटली ठेवून, मंद आचेवर वाफवायचं. पंचविसाव्या मिनिटाला ताटली उचलून डबा हलकेच हलवते. कडेला धरलेलं आणि मधोमध रुपयाएवढा भाग अजून थरथरतोय, असं दिसलं की गॅस बंद. उरलेलं काम आतली वाफ करते. आच मोठी ठेवली तर आत भोकं पडतात आणि पाणी सुटतं. काही जणांना खरवसात तीच जाळी हवी असते, त्यांनी खुशाल मोठी ठेवावी. मला सुरी लावल्यावर गुळगुळीत कापली जाणारी वडी आवडते.

चायना ग्रासच्या खरवसाशी तुलना केली तर इथे फरक तोंडात कळतो. तो ठिसूळ, कडकन तुटतो. हा दाताखाली जरा दबतो आणि मग विरघळतो. चिकाचा पिवळेपणा मात्र येत नाही. केशर घालून रंग आणता येतो, पण मग चव केशराची होते. मी तो प्रश्न सोडून दिलाय.

पावडर कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. हायड्रोलाइज्ड व्हे घेऊ नका. त्यातली प्रथिनं आधीच तुकडे केलेली असतात, ती धरत नाहीत, डब्यात गोड पाणीच राहतं. चॉकलेट-व्हॅनिलावाल्या पावडरीत डिंक आणि कृत्रिम गोडवा असतो, त्याचा खरवस धरतो पण त्याला खरवस म्हणवत नाही.

बाकीच्या आघाडीवर थोडक्यात: भाजणीच्या थालीपिठात पाचवा हिस्सा व्हे चालतो, फक्त तवा मंद हवा, कारण लॅक्टोजमुळे ते आत शिजायच्या आधीच वरून काळपट होतं. धिरड्यांना वाटाण्याचं प्रोटीन जास्त चांगलं, त्याचा तो मातकट वास लसूण-मिरची झाकून टाकते. बेसनाच्या लाडवात पावडर बेसन पूर्ण निवल्यावर घालायची आणि तूप दोन चमचे वाढवायचं. चक्क्यात घालून श्रीखंड तर काय, कुणालाही जमेल.

पुढचा घाणा म्हशीच्या दुधाचा आणि पावडर ४५ ग्रॅमवर आणून. साय जास्त असल्याने मऊ येईल असा अंदाज आहे. गूळ मात्र अजून त्रास देतो: काही गुळाने दूध वाफेवर रवाळ होतं, काहीने नाही. सेंद्रिय म्हणून घेतलेला काळपट गूळ जास्त फाडतो असं दिसतंय. गूळ ठेवूनच यावर कुणी तोड काढली असेल तर सांगा, साखरेवर जायची माझी तयारी नाही.