गोट्यांचा ढीग

मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेल्या, संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात मी एकोणीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवते आहे. त्यांतील बहुतेक वर्षे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द लॉटरी’ ही कथा मी शिकवली. ती शिकवण्याची माझी एक पद्धत ठरून गेली होती आणि तिचा सगळा भार कथेच्या शेवटी बसणाऱ्या धक्क्यावर होता. कथा आधी वाचून येऊ नका, असे मी मुलांना बजावत असे. ती तशीही वाचून येत नाहीत, हा भाग वेगळा.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 27 जूनची स्वच्छ उन्हाची सकाळ आहे, जेमतेम तीनशे वस्तीच्या एका गावात पोस्ट आणि बँक यांच्यामधल्या चौकात लोक जमले आहेत, आणि जुनाट काळ्या लाकडी डब्यातून प्रत्येक घराचा कर्ता एकेक चिठ्ठी उचलणार आहे. दुपारच्या जेवणापर्यंत सगळे आटोपायचे असते. वाचकाला वाटते, कोणाला तरी बक्षीस लागणार. काळा ठिपका असलेली चिठ्ठी आधी हचिन्सनांच्या घरावर येते, मग त्या घरातल्यांनी पुन्हा चिठ्ठ्या उचलल्यावर टेसी हचिन्सन या बाईच्या हाती येते आणि गाव तिला दगडांनी मारते. 26 जून 1948 च्या ‘द न्यूयॉर्कर’मध्ये कथा छापून आली तेव्हा त्या उन्हाळ्यात तीनशेहून अधिक पत्रे आली. बरीचशी गोंधळलेल्या नाहीतर संतापलेल्या वाचकांची होती, पण मला सर्वांत भयंकर वाटतात ती वेगळीच : काहींनी विचारले होते की ही लॉटरी नेमकी कोणत्या गावी निघते आणि ती बघायला जाता येईल का.

त्या दिवशी वर्गात चौदा मुले होती. पोळा होऊन दोनच दिवस झाले होते. पोळ्याचा दुसरा दिवस आमच्याकडे तान्ह्या पोळ्याचा, नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीचा आणि हद्दीपलीकडच्या पांढुर्ण्यात गोटमारीचा. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्यावर सावरगावचे लोक उभे राहतात, आणि झेंडा कोण काढून नेतो यासाठी दिवसभर एकमेकांवर दगडांचा मारा चालतो. दरवर्षी कित्येक जण जखमी होतात, आजवर माणसे मेलीही आहेत. रुग्णवाहिका आणि डॉक्टर नदीकाठी आधीपासून तयार असतात, जमावबंदीचे आदेश निघतात. मध्यंतरी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले होते, पण लोक लवकरच दगडांवर परतले.

मागच्या बाकावर बसणारा, शिकण्यासाठी इथे मामाकडे राहणारा सावरगावचा एक मुलगा त्या दिवशी कपाळाला पट्टी लावून आला होता. पट्टीखाली तीन टाके होते. मी विचारले, तेव्हा तो नुसता हसला. मी पुस्तक उघडले.

मी एकेक परिच्छेद इंग्रजीतून वाचते आणि मराठीत समजावून सांगते. दुसऱ्याच परिच्छेदात सुट्टी लागलेली गावची मुले खिशात दगड भरतात, त्यांतले गुळगुळीत आणि वाटोळे तेवढे निवडतात, चौकाच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग रचतात आणि बाकीच्या मुलांनी तो लुटू नये म्हणून राखण करतात. इतकी वर्षे मी हे ‘मुलांचे खेळ’ एवढे म्हणून पुढे जात आले होते. याही वेळी गेलेच असते, पण मागून आवाज आला.

“मॅडम, हे पोट्टे गोटे मारासाठी जमा करून राह्यले.”

कशावरून, असे मी विचारले. विचारताना माझा स्वर जरा चढला असावा, कारण माझा राखून ठेवलेला शेवट दुसऱ्या परिच्छेदातच फुटत होता.

“गुळगुळीत पाहून निवडले ना त्याइनं. वाटोळे.” त्याने हाताचा द्रोण करून त्यात नसलेला दगड तोलून दाखवला, अंगठा बाजूला, दोन बोटे खाली. “चपटा असला का हातातून नीट सुटत नाही. अन् ढिगावर पहारा आहे. आमच्याकडं बी ठेवा लागते, नाहीतं दुसरे नेतात पळवून.”

वर्ग हसला. मला हसू आले नाही. कॉलेजात शिकलेली मी, पुढे शिक्षक झालेली मी, माझ्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी, यांपैकी कोणालाही पहिल्या वाचनात जे कळले नव्हते, ते त्याला कळायला दोन मिनिटे लागली होती. त्याच्यासाठी ते गोटे कसलेही प्रतीक नव्हते, आदल्या दिवशी हाताळलेली वस्तू होती.

मी नेहमीची प्रतीके फळ्यावर लिहायचा बेत सोडला आणि नुसती वाचत राहिले. शेवट माहीत असल्यामुळे आता कथेतली प्रत्येक साधी गोष्ट मुलांना टोचू लागली. कडा उडालेला, रंग विटलेला तो डबा. त्याच्याही आधीच्या डब्याच्या फळ्या त्यात वापरल्या आहेत अशी आख्यायिका. नवा करायला हवा असे दरवर्षी बोलायचे आणि करायचा मात्र कोणीच नाही. पूर्वी काही मंत्रासारखे म्हणत असत, चिठ्ठी उचलायला येणाऱ्याला अमुक पद्धतीने नमस्कार करीत असत, ते सारे विसरून गेले आहे. “आमची बी गोष्ट घरोघरी वेगळीच सांगतात,” मागून पुन्हा आवाज आला. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत सापडली आणि दोन्ही काठांवरून त्यांच्यावर दगड आले, ही गोटमारीची कथा मला ठाऊक होती. त्याच्या आजीच्या तोंडी ती उलटी होती, मुलगा सावरगावचा होता. कथेतल्या गावकऱ्यांनाही विधी आठवत नाही, मूळ डबाही हरवला आहे, पण दगड वापरायचे असतात हे मात्र ते विसरलेले नाहीत, हे वाक्य अगदी शेवटी येते. ते मी दोनदा वाचले.

मधेच एकाने त्याला डिवचले, म्हणजे तुमची गोटमारही हीच की. तो चिडला. “आमच्याकडं चिठ्ठी नाही निंघत. ज्याले जायचं तोच जाते.” पुढच्या बाकावरच्या मुलीने मागे वळून शांतपणे विचारले, “मंग तू काऊन गेलता?” त्याने पट्टीवरून हात फिरवला. “आमच्या घरचे सगळेच जातात,” तो म्हणाला. यावर मी काही बोलले नाही आणि न बोलण्याबद्दल आजही मला पश्चात्ताप नाही. कथेत सत्त्याहत्तराव्यांदा लॉटरीला उभा राहिलेला म्हातारा वॉर्नर तिथे आहेच, शेजारचे गाव लॉटरी बंद करायच्या गोष्टी करते हे ऐकून त्यांना मूर्ख ठरवणारा. त्याच्या तोडीचे भाष्य मला सुचणार नव्हते.

त्याच मुलीने आणखी एक गोष्ट पकडली, जी माझ्या टिपणांत कधीच नव्हती. हचिन्सनांच्या घरावर चिठ्ठी आल्यावर टेसी ओरडते की माझी मुलगी इव्हा आणि जावई यांनाही मोजा. वाटेकरी वाढले की आपल्यावर येण्याचा धोका घटतो, एवढाच हिशेब. लग्न झालेल्या मुली सासरच्यांबरोबर चिठ्ठी काढतात, असे तिला सौम्यपणे सांगितले जाते. “म्हणजे आईच पोरीला पुढं करते, अन् पोरगी वाचते ती सासरी गेली म्हणून,” ती म्हणाली. दिवसच विसरल्यामुळे उशिरा आलेली, ओळीत उभी राहून थट्टा करणारी टेसी ‘हा अन्याय आहे’ म्हणते ती चिठ्ठी आपल्या घरात आल्यावर, त्याआधी नाही, हे सांगायला मग मला फार शब्द लागले नाहीत.

शेवटच्या पानावर मिसेस डेलाक्रॉय, जी तासाभरापूर्वी टेसीशी हसून बोलली होती, ती दोन्ही हातांनी उचलावा लागेल इतका मोठा दगड निवडते. टेसीच्या लहानग्या डेव्हीच्या हातातही कोणीतरी चार खडे देते. मी मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिले. मारामारी होणार हे ज्याला पहिल्यापासून माहीत होते, त्याचाच चेहरा उतरला होता.

“सगळे मिळून एकाच बाईले?” त्याने विचारले. त्याच्या डोळ्यांपुढे तासभर दोन काठ होते. “अन् तिच्या हातात गोटा नाही?”

मी नाही म्हणाले. तास संपल्याची घंटा होऊन गेली होती.

आता माझ्याबद्दल. पुढच्या आठवड्यात अंतर्गत चाचणी होती आणि त्यात प्रश्न होता : कथेतील प्रतीके स्पष्ट करा, गुण 10. उत्तराचा नमुना माझ्याआधीच्या प्राध्यापकांच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांतून आलेला : डबा, ठिपका, दगड, डबा ठेवायची तिपाई आणि पात्रांची नावे, प्रत्येकी दोन गुण. नावांचे मला पटते. कथेतल्या पोस्टमास्तरचे नाव ग्रेव्ह्ज म्हणजे थडगी, डेलाक्रॉय म्हणजे क्रूसाचा, आणि 1638 मध्ये धर्ममतांवरून मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीतून हद्दपार झालेल्या अ‍ॅन हचिन्सनचे आडनाव टेसीला आहे. पण तिपाईचे तीन पाय म्हणजे ख्रिस्ती धर्मातील त्रैक्य, हे मला स्वतःला कधीही पटलेले नाही, आणि तरीही इतकी वर्षे मी ते लिहून देत आले, कारण ते टिपणांत होते.

त्याच्या उत्तरपत्रिकेत मोडक्या इंग्रजीत सहा ओळी होत्या. गोटमारीत दोन्ही बाजूंकडे गोटे असतात, इथे सगळ्यांकडे आहेत आणि टेसीकडे नाही, लेखिकेने ढीग आधीच दाखवला आहे पण वाचणाऱ्याला तो खेळ वाटतो, असे त्याने लिहिले होते. डबा नव्हता, ठिपका नव्हता, नावे नव्हती, तिपाई तर नव्हतीच. मी ते उत्तर तीनदा वाचले, नमुना समोर ठेवला, दगडांचे दोन गुण दिले, भाषेचा म्हणून एक ओढून दिला आणि बेरीज केली.

पेपर परत दिले त्या दिवशी त्याचे टाके निघाले होते. त्याने तीन हा आकडा पाहिला, पुढच्या बाकावरच्या मुलीचा पेपर मागून घेतला, तिचे उत्तर बोटाने वाचत खालपर्यंत गेला आणि माझ्या टेबलाशी आला.

“बरोबर आहे मॅडम,” तो म्हणाला. “डबा लिहाचा राह्यला माझा.”