बत्तीस की तेहेतीस? आर्क्टिकच्या वनस्पती-नकाशाचा माझा अनुभव

आर्क्टिक महासागरातील नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील वनस्पतींचा नकाशा बडोद्यात बसून तयार करण्यास मला पाच महिने लागले आणि त्यांपैकी सव्वा महिना एका एक्सेलच्या रकान्याने खाल्ला. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. चाळिशी उलटल्यावर दूरसंवेदनाची, म्हणजे उपग्रहप्रतिमांवरून भूभागाचा अभ्यास करण्याची, पदविका करण्याचे मनात आले आणि प्रकल्पासाठी, जिथे एकही वृक्ष उगवत नाही असा प्रदेश हट्टाने निवडला. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन-स्थानक २००८ पासून तेथील न्यू-ओलेसुंड या वस्तीत आहे, एवढाच माझा त्या भूमीशी आधीचा परिचय होता. ज्यांना असे काम करावयाचे आहे त्यांना माझा मनस्ताप उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहे, आणि राग अजून पुरता उतरलेला नाही हेही आधीच सांगून टाकते.

उपग्रहप्रतिमा मिळवणे अवघड नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात, लाल आणि निकट-अवरक्त (लाल प्रकाशापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) पट्ट्यांत जमिनीवरचा १० मीटरचा चौकोन हा त्यांचा सर्वांत लहान घटक असतो, आणि क्यूजीआयएस ही नकाशे तयार करण्याची संगणक-प्रणालीही फुकट आहे. निकट-अवरक्त परावर्तनातून लाल परावर्तन वजा करून त्या दोहोंच्या बेरजेने भागले की ‘एनडीव्हीआय’ हा हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. हे सारे माझे आठवड्याभरात झाले.

माझ्या डोळ्यांना मात्र वेळ लागला. बडोद्याच्या कमाटी बागेतली पावसाळ्यातली झाडी पाहण्याची सवय असलेल्या माणसाला या निर्देशांकाचा ०.३ हा आकडा उजाड माळाचा वाटतो. टुंड्रात तोच आकडा शेवाळ, काही सेंटिमीटर उंचीचा ध्रुवीय विलो आणि जांभळा सॅक्सिफ्राज हे बुटके फुलझाड यांच्या चांगल्या गालिच्याचा असू शकतो. विलो म्हणजे वाळुंजाच्या कुळातले झुडूप, पण तिथे ते शेवाळात अर्धे बुडून जमिनीलगत सरपटते आणि पाने तेवढी वर काढते. नकाशावर अचानक गडद हिरवा डाग दिसला तर तो चूक समजून पुसू नये, आधी वर कडा आहे का ते पाहावे. समुद्रपक्ष्यांच्या वसाहती असलेल्या कड्यांखाली विष्ठेतून मिळणाऱ्या नत्रामुळे वनस्पती खरोखरच दाट वाढतात. मी असे दोन डाग आधी पुसले होते.

संपूर्ण आर्क्टिकचा एकत्रित वनस्पती-नकाशा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५ वनस्पती-प्रकार आहेत आणि ते उजाड भूमी, गवताळ टुंड्रा, भूसर्पी झुडपे, उभी झुडपे व पाणथळ अशा पाच गटांत बसवलेले आहेत. शिवाय जुलैच्या सरासरी तापमानानुसार प्रदेशाचे पाच उपविभाग पाडलेले आहेत, त्यांतल्या सर्वांत थंड भागात ते ३ अंशांच्या आतच राहते. परंतु त्याचे प्रमाण १:७५,००,००० आहे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे साडेसात किलोमीटर. माझा सारा अभ्यास-प्रदेश त्यावर अंगठ्याखाली झाकला जात होता. तरीही गट मी तिथूनच घेतले; स्वतःचे नवे वर्गीकरण रचण्याच्या फंदात कोणी पडू नये.

आता त्या रकान्याविषयी. मी तेथे गेलेली नसल्यामुळे, नकाशा पडताळून पाहण्यासाठी पूर्वीच्या अभ्यासकांनी जमिनीवर केलेल्या पाहणीचे ४६ बिंदू, त्यांच्या प्रसिद्ध केलेल्या अक्षांश-रेखांशांसह, मी घेतले होते. ज्या संस्थेत मी पदविका करत होते तिच्या कार्यालयाने हे बिंदू भरण्यासाठी एक ठरावीक पत्रक दिलेले होते. त्यात ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ हे रकाने अनिवार्य होते. तिथे ‘लागू नाही’ लिहिल्यावर पत्रक परत आले, आणि दोन्ही ठिकाणी ‘न्यू-ओलेसुंड’ लिहिल्यावर विनातक्रार स्वीकारले गेले. हा विनोद म्हणून सोडून देता आला असता. पण पुढच्या रकान्यात रेखांश भरला की यूटीएम या नकाशा-मापनपद्धतीतील झोनचा, म्हणजे पट्ट्याचा, क्रमांक आपोआप उमटत असे, त्या झोननुसार मीटरमधील स्थाननिर्देशकही पत्रकच काढत असे, आणि हे दोन्ही रकाने कुलूपबंद होते.

आठ दिवसांनी शेरा आला: ‘बिंदू अभ्यासक्षेत्राबाहेर.’ माझीच टंकलेखनातील चूक असणार असे समजून मी ४६ बिंदू पुन्हा भरले. पुन्हा तोच शेरा. तिसऱ्यांदा मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडून एकेक आकडा मोठ्याने वाचून घेतला. शेरा तोच, फक्त या वेळी लाल शाईत. शेवटी मी पत्रकाने काढलेले निर्देशक माझ्या प्रतिमेच्या मापनपद्धतीत टाकून पाहिले, तेव्हा विलो आणि शेवाळाचे माझे सर्व बिंदू प्रतिमेच्या कडेपलीकडे, सुमारे १२८ किलोमीटर पूर्वेला, बेटाच्या अंतर्भागातील हिमाच्छादित प्रदेशात जाऊन पडलेले दिसले.

कारण समजायला दोन रात्री लागल्या. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे ६० झोन पाडलेले आहेत आणि पत्रकातील सूत्र त्याच नियमाने चालत होते. न्यू-ओलेसुंडचा रेखांश ११ अंश ५६ मिनिटे पूर्व आहे, म्हणजे नियमाप्रमाणे झोन ३२. पण स्वालबार्डला हा नियम लागू नाही. ७२ ते ८४ उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात तेथे ३२, ३४ आणि ३६ हे झोन वगळलेले असून ३१, ३३, ३५ आणि ३७ हे रुंद केलेले आहेत, आणि ९ ते २१ अंश पूर्व हा सारा भाग झोन ३३ मध्ये येतो. ध्रुवाकडे रेखांश एकमेकांजवळ येत जातात. बडोद्याच्या अक्षांशावर सहा अंशांचा पट्टा सहाशे किलोमीटरांहून अधिक रुंद असतो, तर तिथे तो जेमतेम १२८ किलोमीटर उरतो, त्यामुळे एवढ्याशा द्वीपसमूहाचे अधिक तुकडे होऊ नयेत म्हणून ही सवलत आहे. प्रत्येक झोनमधील मीटर त्या झोनच्या स्वतःच्या मध्यरेषेच्या आधाराने मोजतात; माझी प्रतिमा ३३ मध्ये होती आणि पत्रक मात्र ३२ चे आकडे देत होते.

चूक सापडल्याच्या आनंदात मी कार्यालयात गेले. वरिष्ठ लिपिकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेन, तमे कहो ते बराबर हशे, पण पत्रक मंजूर झालेले आहे.” कुलूप ज्यांनी घातले ते गृहस्थ नोकरी सोडून गेले होते आणि परवलीचा शब्द सोबत घेऊन गेले होते. मी अर्ज केला, सूत्र समजावणारी आकृती काढली, दोन वेळा साहेबांची वाट पाहत बाकावर दुपारी काढल्या. रेखांशच थोडा बदलून भरा, म्हणजे झोन ३३ येईल, असेही एका सहाध्यायाने सुचवले. वनस्पती जिथे नाही तिथे ती आहे असे लिहून देण्यापेक्षा पदविका न मिळालेली बरी, असे मी त्याला जरा कठोर शब्दांत सांगितले.

सुटका झाली ती तर्काने झाली नाही. सेंटिनेलच्या प्रतिमा चौकोनी तुकड्यांत मिळतात; प्रत्येक तुकड्याच्या नावातच त्याचा झोन असतो आणि माझ्या तुकड्याच्या नावात ‘टी३३एक्स’ ही अक्षरे होती. ते नाव असलेले माहितीपत्रक मी छापून नेले. युरोपीय अवकाश संस्थेचे नाव असलेला कागद पाहताच साहेबांनी ‘परिशिष्ट जोडण्यास हरकत नाही’ असे त्यावर लिहून सही केली. तीन आठवड्यांच्या माझ्या युक्तिवादाने जे झाले नव्हते ते एका छापील नावाने पाच मिनिटांत झाले. तेव्हा मूळ माहितीपत्रक पहिल्या दिवसापासून जवळ ठेवावे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: प्रतिमा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचीच घ्यावी, कारण त्याआधी बऱ्याच जागी बर्फ असतो आणि त्यानंतर पाने लवकर पिवळी पडतात. ध्रुवाजवळ उपग्रहाच्या फेऱ्या एकमेकींवर येत असल्याने प्रतिमा पुष्कळ मिळतात, पण ढगही तितकेच असतात. मला एका उन्हाळ्यातून कामाच्या दोनच मिळाल्या.

पत्रकाचे कुलूप अजून तसेच आहे. यंदाच्या तुकडीतील एका मुलीने अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ स्थानकाच्या परिसरातील शेवाळ आणि दगडफूल हा विषय घेतला आहे. त्या स्थानकाचा रेखांश ११ अंश ४४ मिनिटे पूर्व, म्हणजे माझ्याहून जेमतेम १२ मिनिटांनी कमी. दक्षिणेकडे कोणतीही सवलत नसल्यामुळे तिथे झोन खरोखरच ३२ आहे. तिचे पत्रक पहिल्याच दिवशी मंजूर झाले.