फुग्यावरचा कंदील: जर्मन शाळेतला, खानदेशात सहज जमणारा

ऑक्टोबर लागला की जर्मनीतल्या प्राथमिक शाळांत कंदील बनवायची गडबड सुरू होते. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस असतो. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा रोमन सैनिक, अशी त्याची कथा. त्या संध्याकाळी मुलं स्वतः केलेला कंदील काठीला अडकवून गाणी म्हणत मिरवणुकीनं निघतात. आपल्याकडे दिवाळीही याच सुमारास येते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांनी सुट्टी लागण्याआधी हा कंदील मुलांकडून जरूर करून घ्यावा.

कागद पतंगाचाच घ्या. घोटीव कागदातून उजेड येत नाही आणि जिलेटीन खळ शोषत नाही, म्हणून वाळल्यावर सुटून येतं. पिवळा, केशरी, लाल, थोडा हिरवा असे ताव आणा आणि मुलांना हातानंच दोन-तीन बोटं रुंदीचे तुकडे फाडू द्या. कात्रीनं कापलेली सरळ कड उजेडात रेघेसारखी दिसते, फाटलेली कड एकमेकींत मिसळून जाते.

खळीसाठी १ वाटी मैदा १ वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ४ वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि दोन-तीन मिनिटं ढवळा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असतं. मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत ते अजिबात नको. खळ रोज ताजी करा, उरलेली टाकून द्या.

फुगा वीतभर रुंदीचाच फुगवा. तट्ट फुगवलेला फुगा काम चालू असतानाच फुटतो. गाठ वर ठेवून तो वाटीत बसवला की घरंगळत नाही. गाठीभोवती ८-९ सेंटिमीटर रुंदीची जागा मोकळी सोडा, बाकी सगळीकडे चार थर द्या. तीन थरांचा कंदील चेपतो, सहा थरांचा अंधारा होतो. पहिले दोन थर पिवळ्याचे असावेत. या कागदाचा रंग ओला झाला की उतरतो, त्यामुळे लाल आणि हिरवा शेजारी आले की मातकट डाग पडतो. जर्मन मुलं तिसऱ्या थरावर शरद ऋतूतली दाबून वाळवलेली पानं बसवतात. आपल्याला दसऱ्याचं सोनं आहेच! आपट्याची पानं आठवडाभर वहीत दाबून ठेवा, चिकटवा आणि वर पिवळ्याचा पातळ थर द्या. दिवा लागला की पानाची आकृती उठून दिसते.

खरी चूक होते ती वाळवताना. तिकडे गारठ्यामुळे दोन दिवस लागतात. खानदेशातल्या ऑक्टोबरच्या उन्हात काम लवकर होईल असं वाटतं, पण उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते, ओला कागद तडकतो किंवा फुगाच फुटतो. गाठीला दोरा बांधून सावलीत, वाऱ्याला टांगा. टिचकी मारल्यावर कडक आवाज आला की वाळला.

मग गाठ चिमटीत धरून तिच्याखाली बारीक छेद द्या आणि हवा हळूहळू जाऊ द्या. टाचणीनं फोडला तर रबर झटक्यात आकसतं आणि चिकटलेला कागद आत ओढून घेतं. हे काम गुरुजींनी किंवा बाईंनी करावं, कागद चिकटवणं मात्र पूर्णपणे मुलांवर सोपवावं. वाकडा बसलेला तुकडा मोठ्यांनी काढून नीट लावू नये. कंदील ज्याचा त्याला ओळखता आला पाहिजे.

तोंडाला आतून ३ सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा, समोरासमोर दोन भोकं पाडून तार ओवा आणि गेल्या हंगामातल्या तुरीच्या काठीला अडकवा. आत पणती किंवा मेणबत्ती ठेवू नका, कागद क्षणात पेट घेतो. पेन्सिल सेलवर चालणारा छोटा एलईडी दिवा पुरतो. बटण सेलचे दिवे स्वस्त मिळतात, पण तो सेल मुलानं गिळला तर अन्ननलिका आतून भाजते. असा दिवा घेतलाच, तर सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारा घ्या.