‘ह्या हातानं आता न्हाई’

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ १७ मे रोजी ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं, की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा. मी तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातच दुसऱ्या एका गावात ग्रामसेविका होते. परिपत्रक वाचून दाखवायचं आणि विषय सभेपुढे ठेवायचा, एवढं माझं काम. पण ठराव नुसता इतिवृत्तात उतरवून मला सुटायचं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र-जोडवी काढून घेतात, हे मी अगदी जवळून पाहिलं होतं.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. ती मारुतीच्या देवळात भरली. वाचून झाल्यावर मी विचारलं, “ही प्रथा बंद व्हावी असं कुणाकुणाला वाटतं? हात वर करा.” पुढच्याच रांगेतल्या एका सुनेचा हात खांद्यापर्यंत आला. तिनं शेजारी पाहिलं. सासूचा हात मांडीवरच होता. मग तो वर आलेला हात पदर सारखा करायला वळला. असे आणखी काही हात अर्ध्यातनं परतलेले मला दिसले. प्रत्येकीची नजर दुसरीवर, आणि दुसरी गप्प म्हणून हिची खात्री, की बाकी सगळ्यांना प्रथा हवीच आहे.

पदवीला मला मानसशास्त्र होतं. सॉलोमन ॲश यांचे १९५०च्या दशकातले रेषांचे प्रयोग तेव्हा शिकले होते. कोणती रेष किती लांब हे डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही, बाकीचे सगळे ठरवून चूक उत्तर देतायत म्हटल्यावर साधारण तीनातल्या एका वेळी माणसं त्यांच्याच मागे जात. मात्र एकानं जरी खरं उत्तर दिलं, तर हे प्रमाण झपाट्यानं खाली येई. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते सगळं त्या दुपारी देवळात माझ्यासमोर बसलं होतं.

वाट काढली ती आमच्या अंगणवाडी सेविकेनं. तिनं शेजारच्या घरातून मूठभर ज्वारी, मूठभर हरभरे आणि झाकणाचा एक डबा आणला. प्रत्येकीच्या हातावर दोन्हीतला एकेक दाणा ठेवला. बंद व्हावी वाटत असेल तर ज्वारी टाकायची, चालू राहावी वाटत असेल तर हरभरा. उरलेला दाणा पदराच्या गाठीत. दाण्याच्या आवाजावरून कळू नये म्हणून तिनं डब्याच्या तळाला फडकं घातलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गावातल्या बायकांना कशाची भीती असते ते तिला ठाऊक होतं.

डबा सगळ्यांसमोर ताटात ओतला. ताट ज्वारीनं पांढरं झालं, हरभरे बोटावर मोजण्याइतके. मघाची सासू सुनेकडे वळून म्हणाली, “तूबी?” सून म्हणाली, “आन् तुमीबी?” मग जो कालवा उठला, तो मला आवरेना. मी आवरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. मी विषय वाचताच भावकीतले एक वडीलधारे उठले. “मॅडम, सरकारचं सरकारपाशी. आमची रीत हाय ती.”

तेव्हा मागून आक्का उभ्या राहिल्या. साठीपुढच्या, स्वतः विधवा. गावात कुणी गेलं की बांगड्या फोडायला त्यांनाच बोलावणं जायचं. दोन्ही हात पुढे करून त्या म्हणाल्या, “लई जणींच्या फोडल्या मी. माझ्याबी अशाच फोडल्यात्या. ह्या हातानं आता न्हाई. मला बोलवायला यायचं न्हाई कुणी.”

“आक्का, पाव्हणेरावळे काय म्हणतील?”

“त्येबी आपल्याच भ्यानं करत्यात की!”

त्या सभेत याहून खरं कुणी काही बोललं नाही. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांना एकत्र केलं आणि त्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. तिथंही ज्यांच्या हातून प्रथा घडायची, तेच हात मागे आले होते. बाहेरच्या माणसानं दिलेल्या दहा भाषणांपेक्षा असा एक नकार भारी पडतो, असं माझं ठाम मत आहे. आक्का बोलल्या तसा आदल्या दिवशी अर्ध्यातून परतलेला त्या सुनेचा हात वर गेला, पाठोपाठ तिच्या सासूचा. खुर्च्यांवरचे हात सावकाश वर आले, पण आले. सूचक म्हणून मी आक्कांचंच नाव घातलं.

ठरावाची कसोटी पावसाळ्यात लागली. गावात एक तरुण शेतकरी गेला. आक्का न बोलावता गेल्या आणि त्याच्या बायकोला लागून बसल्या. माहेरकडची एक म्हातारी कुंकवाला हात घालायला पुढे आली, तेव्हा आक्कांनी तिला सभेतलंच वाक्य ऐकवलं. “माझ्या हातानं न्हाई, आन् तुझ्याबी न्हाई.” बांगड्या राहिल्या, कुंकू राहिलं. मंगळसूत्र मात्र तिनं आठवड्याभरानं स्वतःच काढून ठेवलं. का, ते मी विचारलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला दोनच घरांतून बोलावणं आलं. आमच्या ठरावात हळदीकुंकवाचा उल्लेखच नव्हता. पुढच्या महिला सभेच्या विषयपत्रिकेवर मी तो विषय पहिला घेतला, आणि डबा आणायला अंगणवाडीत निरोप धाडला.